पहिलीतल्या माझ्या विद्यार्थ्यास, तू बाप झालास म्हणून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाई, बारसं इतक्यात नको म्हणतोय. बघू पुढं." बाळ तीन महिन्यांचं झालं. तुझ्या आवाजावरून कळलं की अडचण पैशाची नाही, पाहुण्यांचीही नाही. बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचा रिपोर्ट आल्यापासून घराचं दार दिवसभर लोटलेलं असतं, हे तुझ्या आईनं मला देवळात सांगितलं. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

या महिन्यातच बारसं कर. पाळणा बांध, घुगऱ्या कर, आत्याला बाळाच्या कानात कुर्र करू दे, गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलाव. बाळाचे डोळे बघून ज्यांना काही विचारायचं असेल त्या विचारतील. पहिल्यांदा खालच्या आवाजात विचारतील, दुसऱ्यांदा सरळ, आणि तिसऱ्यांदा बाळ किती वजनाचं झालं एवढंच विचारतील. आम्ही आमच्या मुलाचं बारसं केलं नाही. त्याचं नाव जन्मदाखल्यावर लागलं, पाळण्यात लागलं नाही. अजून कुणाच्या घरी पाळणा म्हणायला गेले की माझा आवाज मध्येच बसतो.

तुम्ही वर्गातली पोरं त्याला दादा म्हणायचा. इथंही दादाच म्हणते.

दादा 1988 च्या नोव्हेंबरात जन्मला. डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, "मंगोल आहे. ही मुलं फार जगत नाहीत. दुसऱ्याचा विचार करा." डाऊन सिंड्रोमला तेव्हा सगळे हाच शब्द वापरायचे. मी पंचवीस वर्षांची होते. घरी आल्यावर ग्रहण निघालं, पितर निघाले, मी पोटुशी असताना विळीवर बसले होते का याची चौकशी झाली. मी शिकलेली, डी.एड. झालेली, पोरांना विज्ञान शिकवणारी, आणि तरी रात्री मी स्वतः आठवत बसायचे की बसले होते का. तुझ्या बायकोला कुणी असं काही ऐकवत असेल तर तिथल्या तिथं तू बोल. तिनं स्वतःची बाजू मांडायची वेळ येऊ देऊ नकोस. बीजपेशी तयार होताना एकविसाव्या गुणसूत्राची जोडी नीट सुटली नाही आणि शेहेचाळिसाच्या जागी सत्तेचाळीस झाली, बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं. 1959 सालीच हे कळलेलं आहे. खाण्यानं, कामानं, ग्रहणानं ते होत नाही. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं, पण अशी पुष्कळ बाळं तरुण आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणं त्या वयात जास्त असतात.

दवाखान्याचं थोडक्यात सांगते. हृदयाचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली नसेल तर या आठवड्यात कर, आवाज नॉर्मल आहे म्हणाले तरी कर. जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. दादाच्या हृदयाला बारीक छिद्र होतं, ते आपोआप बुजलं, पण ते आम्हाला चौथ्या वर्षी समजलं. थायरॉईड दरवर्षी तपासायचं. कान आणि डोळे तपासून घे, कारण ऐकू कमी येतं म्हणून बोलत नाही आणि लोक म्हणतात बुद्धी नाही, असं होतं. गुणसूत्रांच्या रिपोर्टवर साधी ट्रायसोमी (जादा गुणसूत्र सुटं) लिहिलंय की ट्रान्सलोकेशन (ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं), ते डॉक्टरांना विचार. दुसरं असेल तर पुढच्या बाळाआधी तुम्हा दोघांची तपासणी लागते. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत लवकर उपचाराचं केंद्र असतं, ते अशाच मुलांसाठी आहे. तिथं व्यायाम शिकवतात. अंग सैल असतं, मान उशिरा धरतं, पालथं पडायला वेळ लागतो. दादा तिसऱ्या वर्षी चालला. बुद्धी वाढवणारी बाटली कुणी विकायला आलं तर घेऊ नकोस. आमच्या घरात अशा बाटल्यांनी एक अख्खं फडताळ भरलं होतं, आणि ते पैसे आम्ही पतपेढीतून काढलेले होते.

आणि बाळाला दवाखान्यात तू ने. आमचे हे कारखान्यात काट्यावर होते. दोन वर्षं त्यांनी चारचौघांत दादाला उचललं नाही. घरात खेळवायचे, अंगणात आले की माझ्याकडे द्यायचे. तिसऱ्या वर्षी गळीत हंगामात एकदा त्याला सायकलच्या दांडीवर बसवून काट्यावर घेऊन गेले. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. गाडीवानांनी त्याला बैलांजवळ नेलं, ऊस सोलून दिला. संध्याकाळी परत आले ते म्हणाले, "कुणी काही म्हणालं नाही गं." मी काही बोलले नाही. इतके दिवस ते कुणी काय म्हणेल हेच धरून होते, हे मला त्या दिवशी कळलं.

आता शाळेचं. यातलं थोडं तुलाही आठवत असेल.

दादा आठ वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला माझ्या वर्गात आणून बसवलं. जवळ विशेष शाळा नव्हती, वसतिगृहात ठेवायला जीव धजेना. 1995 चा अपंगांचा कायदा नुकता झाला होता, पण त्याची प्रत आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेली नव्हती. वरिष्ठ म्हणाले, पटावर घेऊ नका, बसू द्या नुसतं. म्हणजे तो चार वर्षं शाळेत होता आणि कुठल्याच कागदावर नव्हता. तुझ्या बाळाला ते सोसायचं कारण नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलं की सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा त्याचा हक्क आहे, आणि तोही शेजारच्या शाळेत. "आमच्याकडे सोय नाही" असं म्हणून दार लावता येत नाही. म्हणतील, तरी तू उभा राहा.

मी चाळीस पोरांना वर्षभरात वाचायला शिकवायची. पोटच्या पोराला दोन वर्षांत 'अ' काढता आला नाही. घरी गेले की मी त्याची पाटी धरायची, हात धरून गिरवून घ्यायची, रागवायची, एकदा मारलंही. त्याला ते आठवत नसेल, मला आठवतं.

त्याला मोजायला मी शिकवलं नाही. तुम्ही शिकवलंत. शाळेच्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आपली घंटा. दादाला ती वाजवायला फार आवडायची, म्हणून मधल्या सुट्टीची घंटा त्याच्याकडे दिली. वाजवायला लागला की थांबायचाच नाही. गावातली माणसं विचारायची, आग लागली का. मग तू आणि तो कुंभाराचा मुलगा, तुम्ही दोघं त्याच्या शेजारी उभे राहून मोठ्यानं मोजायला लागलात, एक, दोन, तीन, आणि दहाला सगळा वर्ग मिळून ओरडायचा, "बास!" दादा हातोडी खाली टाकायचा आणि हसत सुटायचा. दिवाळीनंतर एके दिवशी तुम्ही दोघं गैरहजर होता. तो स्वतःच मोजत वाजवत होता. सात त्याच्याकडून दरवेळी सुटायचा, आणि दहाला त्यानं स्वतःच "बास" म्हटलं. मी वर्गात खडू धरून तशीच उभी राहिले.

तुला हे लिहिताना वाटतं, तुला आज ज्या बाळाची भीती वाटते, तसल्या मुलाबरोबर तू दोन वर्षं खेळलेला आहेस. तेव्हा तुला भीती नव्हती. तुझ्या बाळाच्या वर्गात उद्या तुझ्यासारखीच पोरं असतील.

मी खरी चुकले ते मुलं मोठी झाल्यावर चुकले. आमची लेक दादाहून तीन वर्षांनी लहान. तिला मी सतत म्हणत आले, "तू शहाणी आहेस ना." तिचं तापणं, तिचे निकाल, सगळं या एका वाक्याखाली गेलं. 2015 साली तिला बघायला पाहुणे यायचे होते. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, दादाला त्या दिवसापुरतं मावशीकडे ठेवा. मी ठेवलं. नवा शर्ट घालून त्याला रिक्षात बसवलं, त्याला वाटलं जत्रेला चाललोय. लेक पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, बसली, आणि मुलाकडची माणसं काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "आई, दादा कुठं आहे?" कुणी बोलेना. मग तिनं पाहुण्यांना सांगितलं, "मला मोठा भाऊ आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो आज इथं असायला हवा होता." ते स्थळ जमलं नाही. पुढच्या वर्षी जमलं तेव्हा दारात पाहुण्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दादानंच दिला. सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगत फिरले की माझ्या मुलाला लपवणार नाही, आणि ऐन वेळी त्याला रिक्षात बसवून पाठवणारी मीच होते. लेकीनं मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सध्या दादा पिठाच्या गिरणीत जातो. सकाळी नऊ ते एक. त्याला वाचता येत नाही, पण कुठला डबा कुणाचा हे तोंडपाठ आहे. झाकणाचा पोचा, कडीचा आवाज, पिशवीचा रंग, यावरून ओळखतो. ज्वारीवर गहू टाकला जाऊ नये म्हणून गिरणीवाले आधी त्यालाच विचारतात. म्हाताऱ्या माणसांची दळणं घरपोच करतो. महिन्याला पगार घेतो आणि मोजून माझ्या हातात देतो, सात अजूनही सुटतो. ही नोकरी मी कुठं अर्ज करून मिळवलेली नाही. दळण टाकायला मी त्याला सोबत नेत होते, लहानपणापासून, दर आठवड्याला. त्याला पंधरा वर्षं बघितल्यावर गिरणीवाल्यांनी स्वतःहून विचारलं.

2019 ला हे गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. पाऊण तास झाला. एकेक जण पुढं होऊन बोलायला लागला, शेताचं बघतो, लेकीचं बघतो. कावळे झाडावर बसलेले. शेवटी माझा दीर पुढं झाला आणि म्हणाला, "दादाची काळजी करू नकोस, मी आहे." कावळा आला. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. दीर मनापासून बोलला होता आणि आजवर त्यानं शब्द पाळला आहे. पण त्याचंही वय सत्तरीला आलंय. दादाच्या बँकेत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, याचा कायदेशीर पालक कोण? मी म्हटलं, मी आई आहे. ते म्हणाले, अठरानंतर आई चालत नाही, कागद लागतो. आणि ते खरं निघालं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते, ती पालक नेमून देते. हा अर्ज दादाच्या अठराव्या वर्षीच करायचा होता. मी तो एकतीस वर्षांचा असताना केला. त्याच न्यासाची निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, ती तू आत्ताच घे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढ. माझ्या पेन्शनीच्या कागदांत मी दादाची नोंद करून घेतली, म्हणजे माझ्यामागं त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. तुझी खासगी नोकरी, तुला ती सोय नाही, तेव्हा विमा कुणाच्या नावे आणि पैसा कुणाच्या हाती, हे वकिलाकडे बसून लिहून ठेव. बाळ पाळण्यात आहे तोवरच हे जमतं. नंतर दिवस कुठं जातात कळत नाही.

ही मुलं फार जगत नाहीत असं मला सांगितलं होतं. आता पुष्कळ जण साठीपर्यंत जगतात. दादाला सदतिसावं लागलंय. चाळिशीनंतर या माणसांना विसरायचा आजार इतरांपेक्षा लवकर गाठू शकतो, त्याच जादा गुणसूत्रामुळं. म्हणून मी हल्ली गिरणीवाल्यांना अधूनमधून विचारते, डबे चुकतो का? परवा विचारलं तर ते म्हणाले, "बाई, आमचे चुकतात, त्याचे नाही."

बारशाचा दिवस ठरला की कळव. आम्ही दोघं येऊ. त्याआधी बाळाला घेऊन एकदा घरी ये, एकनंतर ये, दादा जेवायला आलेला असतो. येताना दळणाचा डबा आण. झाकणावर नाव घालायची गरज नाही.

तुझी,
बाई