दाराआडचा माणूस

प्रश्न : एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आमचं मंडळ किराणा, औषधं पोचवतं. आणखी काय करावं?

उत्तर : फोन करा, ताई. २०२० च्या टाळेबंदीत मी आमच्या संस्थेतर्फे रोज सहा जणांशी बोलायचे. एक आजोबा नेहमी "सगळं ठीक" म्हणत. पट्टीत गोळ्या किती उरल्यात, असं विचारलं तेव्हा कळलं, चार दिवसांपूर्वीच संपल्यात! म्हणून नेमकं विचारा. रोज तोच आवाज, तीच वेळ ठेवा. नवख्याजवळ मन मोकळं होत नाही. फोन उचललाच नाही तर दार कोण वाजवणार, किल्ली कोणाकडे, हे आधी लिहून ठेवा. त्यांचं एटीएम कार्ड स्वयंसेवकानं हाती घेऊ नये. आणि बोलणं घाईनं आटपू नका. रात्री भीती वाटते, हे आजोबांनी फोन ठेवता ठेवताच सांगितलं होतं.