पोर्टल म्हणतं एअरलाइनला विचारा, एअरलाइन म्हणते पोर्टलला

प्रश्न : नमस्कार, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दिल्लीला जायचं म्हणून एका ट्रॅव्हल पोर्टलवरून आम्हा चौघांची जाण्यायेण्याची तिकिटं काढली होती, आता सासूबाईंचं ऑपरेशन ठरलंय त्यामुळं जाणं होणार नाही. पोर्टलवर कॅन्सल करायला गेले तर अगदीच थोडे पैसे परत दाखवतंय आणि तेपण त्यांच्या वॉलेटमध्ये. एअरलाइनला फोन केला तर म्हणतात एजंटकडून बुक केलंय, त्यांनाच विचारा. मग धरायचं कुणाला? तारीख पुढं ढकलली तर चालेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं ऑपरेशन आधी नीट पार पडू दे, तिकिटाचं आपण बघू.

धरायचं एअरलाइनलाच. डीजीसीएच्या (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियमात सरळ लिहिलंय की तिकीट एजंटकडून किंवा पोर्टलवरून काढलेलं असलं तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनची, कारण एजंट त्यांनीच नेमलेला असतो. त्यामुळं "त्यांनाच विचारा" हे उत्तर ऐकून फोन ठेवू नका. फक्त पैसे पोर्टलमार्फत गेलेत म्हणून ते परतही त्याच वाटेनं येतात, आणि कॅन्सल बहुतेक वेळा पोर्टलवरूनच करावं लागतं.

पण कॅन्सल दाबायच्या आधी एक काम करा. कन्फर्मेशनच्या मेलमध्ये सहा अक्षरी पीएनआर असतो (पोर्टलचा लांबलचक बुकिंग आयडी वेगळा, तो नव्हे), तो आणि आडनाव टाकून एअरलाइनच्या वेबसाइटवर तुमचं बुकिंग उघडा आणि तिथं त्यांचा कॅन्सलेशन चार्ज किती आहे ते बघा. हा चार्ज साधारणपणे माणशी आणि दर फेरीला लागतो, म्हणजे तुम्हा चौघांना जाऊन येऊन आठ वेळा कापला जाणार, म्हणून तो आकडा एवढा मोठा दिसतोय. त्यावर पोर्टल स्वतःची फी लावतं ती वेगळी, आणि बुकिंगच्या वेळी घेतलेली कन्व्हिनियन्स फी सहसा परत येत नाही. एअरलाइनचा आणि पोर्टलचा अशा दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तफावत कुठं आहे ते लगेच कळतं.

एअरलाइनला बेस फेअर (मूळ भाडं) आणि फ्युएल सरचार्ज (इंधनाचा आकार) यांच्या बेरजेपेक्षा जास्त कॅन्सलेशन चार्ज लावता येत नाही. सरकारी टॅक्स, यूडीएफ (विमानतळ वापरायची फी) वगैरे तर परत करावेच लागतात, तिकीट ऑफरमधलं असो की नॉन-रिफंडेबल, अगदी प्रवासाला गेलाच नाहीत तरी. आणि वॉलेटचं म्हणाल तर पैसे क्रेडिट म्हणून ठेवायचे की खात्यात घ्यायचे हे प्रवाशानं ठरवायचं असतं, त्यांनी परस्पर नाही. मेलमध्ये लिहा, "ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात रिफंड हवा." फोनवर बोललेलं नंतर कुणी मानत नाही, सगळं लेखी.

तारीख बदलायची म्हणाल तर माझं मत, आत्ता नको. बदलाची फी अधिक भाड्यातला फरक असे दोन्ही द्यावे लागतात, सासूबाई कधी उठून हिंडू-फिरू लागतील ते सांगता येत नाही आणि परत बदलायची वेळ आली तर परत तेवढाच खर्च. कॅन्सलच करा, पण शेवटच्या दिवसांवर नेऊ नका, तेव्हा चार्ज वाढतो.

मात्र मधेच एअरलाइननं स्वतःच विमान रद्द केल्याचा मेसेज आला तर पोर्टलवरचं नेहमीचं कॅन्सल बटण अजिबात दाबू नका! ते "प्रवाशानं रद्द केलं" असं धरलं जातं आणि हक्काचा पूर्ण रिफंड अडकतो. म्हणूनच बुकिंगमध्ये तुमचाच मोबाइल नंबर आहे ना हे आजच तपासा, काही वेळा तिथं एजंटचा नंबर असतो आणि मेसेज तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि कळकळीनं सांगते, कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. रिफंड देतो म्हणून मोबाइलमध्ये ॲप टाकायला लावून खातं रिकामं करणारे तिथं टपलेले असतात. नंबर तिकिटावरचा किंवा ॲपमधलाच घ्या. कुणी फसवलंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

तरीही दाद लागली नाही तर एअरसेवा या विमानप्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, 1915 या ग्राहक हेल्पलाइनलाही सांगा. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहेच, 2019 च्या कायद्यामुळं कंपनीचं ऑफिस कुठंही असलं तरी तक्रार सोलापुरात करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

प्रश्न : गोव्याचं तिकीट पोर्टलवरून काढलं, आता मला सुट्टी नाही. माझ्याऐवजी भाऊ जाऊ शकेल का? आणि बायकोच्या नावात एक अक्षर चुकलंय.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून असे प्रश्न खूप येतात. दादा, भाऊ नाही जाऊ शकत, तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तुमचं कॅन्सल करून त्याचं नवीन काढा. वहिनींच्या नावातलं अक्षर मात्र दुरुस्त होतं, त्यासाठी कॅन्सल करायची गरज नाही. आधार कार्डाचा फोटो जोडून पोर्टल आणि एअरलाइन दोघांना एकाच मेलमध्ये लिहा, आणि आजच लिहा, ऐन वेळी काउंटरवर हे काम होईलच असं नाही.