पाइपच्या तंबाखूचे रिकामे पत्र्याचे डबे साठलेत, कशाला वापरता येतील?

आधी वास घालवा. साबणाच्या गरम पाण्याने धुवून लगेच कोरडं पुसा (कडेला गंज पटकन धरतो), मग चमचाभर खायचा सोडा टाकून झाकण लावून दोन-चार दिवस ठेवा. 50 ग्रॅमवाला चपटा गोल डबा सुईदोरा, बटणं, स्क्रू असल्या चिल्लर सामानाला बेस्टच. पण ट्रेकला जात असाल तर आग पेटवायला कामी येईल असा भारी वापर सांगतो, झाकणाला खिळ्याने बारीक भोक पाडा, आत जुन्या सुती कापडाचे तुकडे भरा आणि बाहेर मोकळ्यावर निखाऱ्यात ठेवा, भोकातून धूर यायचा थांबला की काढा आणि पूर्ण गार झाल्यावरच उघडा, नाहीतर कापड पेटेल. त्या काळ्या कापडावर चकमकीची ठिणगी पडली की लगेच धुमसायला लागतं. खायचं काही मात्र यात ठेवू नका हां.