‘उठा’ असं कोणी म्हणायचं?

प्रश्न : सिस्टर, ह्यांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. आठवड्याभरात घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. पण पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, आतडं जोडलं होतं तिथे गळती निघाली आणि पुन्हा पोट उघडावं लागलं. आयसीयू, नाकात नळी, सगळं झालं. आता वॉर्डात आहेत, पोटावर पिशवी आहे. एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असतो. फिजिओ आले की डोळे मिटून घेतात. राऊंडला डॉक्टर मला सांगतात, ‘यांना चालवा, ते यंत्र फुंकायला लावा.’ मी दिवसभर मागे लागते. परवा मला म्हणाले, ‘तू घरी जा बघू, कटकट नको.’ फार लागलं मनाला. मागे लागू की सोडून देऊ?

उत्तर : ताई, आधी एक दुरुस्ती, कारण ती आजच उपयोगी पडेल. तीन छोट्या चेंडूंसारख्या गोळ्यांचं ते श्वासाच्या व्यायामाचं यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. तोंडाने ‘फुंका’ म्हणणारे डॉक्टरही मी पाहिलेत, त्यामुळे तुमची काही चूक नाही. नळीभोवती ओठ घट्ट लावायचे, श्वास सावकाश आत ओढायचा, गोळी वर गेली की तीन-चार सेकंद तशीच धरून ठेवायची आणि मग नळी तोंडातून काढून श्वास सोडायचा. पोटाला टाके असले की दुखेल या भीतीने माणूस वरवरचा श्वास घेतो. फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाला आयती वाट मिळते. म्हणून जागेपणी दर तासाला दहादा ओढा, असं सांगतात. तेही बसून, आडवं पडून नाही. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्याची शर्यत लावू नका. एकच गोळी सावकाश वर जाऊन टिकली तर ते जास्त कामाचं. खोकायचं असेल तेव्हा जखमेवर उशी ठेवून ती दोन्ही हातांनी दाबून धरायला सांगा. टाक्यांना आधार मिळतो, धीरही येतो.

आणि हे सगळं दुखणं कमी करण्याचं औषध लागू पडल्यावर. पुरुषमाणसं बहुतेक वेळा ‘ठीक आहे, सहन होतंय’ म्हणतात. ते पडल्या पडल्या म्हणतात. ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ हा प्रश्न खोकताना आणि कुशीवर वळताना विचारा, मग खरा आकडा कळेल. पडल्यावर दोन आणि खोकताना आठ असेल तर तो आकडा सिस्टरना सांगा आणि फिजिओ यायच्या अर्धा-पाऊण तास आधी औषध देता येईल का, तेही विचारा. नुसत्या एवढ्याने डोळे मिटून घेणं थांबलेलं मी कितीदा बघितलंय.

आता तुमचा खरा प्रश्न. मी सर्जिकल वॉर्डात जन्म काढला, त्यावरून सांगते : ‘उठा’ म्हणणं हे तुमचं कामच नाही. ते फिजिओंचं, सिस्टरांचं आणि डॉक्टरांचं. ते रुग्णाला सांगायचं सोडून बायकोला सांगून पुढच्या कॉटकडे जातात, ही वॉर्डातली जुनी सवय आहे आणि मला ती कधीच पटली नाही. पुढच्या राऊंडला सरळ म्हणा, ‘डॉक्टर, हे तुम्ही ह्यांनाच सांगा. का चालायचं, आज किती चालायचं, न चालल्यास काय होईल.’ फिजिओ आले की तुम्ही व्हरांड्यात जा. बायकोसमोर पाय लटपटलेले दाखवायला माणसाला जड जातं. परक्यासमोर तो एक पाऊल जास्त टाकतो.

कारण हा हट्ट नसण्याचीच शक्यता जास्त, ताकदच नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. ना ऑपरेशन, ना ताप. तरी त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ किलोभर घटलं. तुमच्या ह्यांनी तर दोनदा पोट उघडून घेतलंय आणि मध्ये पोटात जंतुसंसर्ग होऊन गेलाय. त्यांना दारापर्यंत जाणं हा डोंगरच वाटत असणार. म्हणून आधी कॉटच्या कडेला पाय सोडून बसणं, मग खुर्चीत बसणं, मग चालणं. जेवण खुर्चीत घेतलं तरी तो व्यायामच धरा. पडल्या पडल्या घोटे वरखाली हलवायला तर कोणाची हरकत नसावी. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तेही लागतंच.

मग तुम्ही काय करायचं? पहिलं म्हणजे त्यांना निवड द्या. दवाखान्यात माणसाच्या हातात काही उरत नाही. कधी उठायचं, कधी खायचं, लघवीची नळी कधी काढायची, सगळं दुसरे ठरवतात. ‘उठता का?’ विचारलंत तर ‘नाही’ येणार. ‘स्पंजिंगच्या आधी बसायचं की नंतर?’ असं विचारून बघा. ‘नंतर’ म्हणाले की तिथे विषय संपवा आणि नंतर मात्र विसरू नका.

दुसरं, त्यांचं भिंतीकडे तोंड करणं त्या पिशवीमुळे असू शकतं. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख एका ओळीत उरकलात, म्हणून मला शंका आली. पोटावर आलेलं ते आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, लालसर आणि ओलसर दिसतो, तोंडाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तरी दुखत नाही, तिथे वेदनेच्या नसाच नसतात. सुरुवातीला सुजलेला असतो, पुढच्या सहा-आठ आठवड्यांत आकसतो. पिशवी तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की रिकामी करायची. ओझ्याने ती सुटून गळायची वाट बघायची नाही. स्टोमा काळपट किंवा निळसर दिसला तर मात्र तेव्हाच सिस्टरना हाक मारा, राऊंडपर्यंत थांबू नका. पिशवी बदलताना आधी तुम्ही शिकून घ्या, आणि शिकताना चेहरा जपा. ते तुमचा चेहरा बघत असतात, पिशवी नाही. त्यांनी स्वतः कधी बघायचं ते त्यांना ठरवू द्या. सर्जनना एक प्रश्न त्यांच्यासमोरच विचारा : ही पिशवी कायमची की काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडणार? अशा वेळी ती पुष्कळदा तात्पुरती असते, पण रुग्णाला ते नीट सांगायचं राहून जातं आणि तो मनात कायमचीच धरून बसतो.

तिसरं, लक्ष ठेवून बोला. त्यांचं गप्प पडून राहणं निराशेने असेल, पण ‘खचलेत हो’ म्हणून सोडून देऊ नका. नवा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम खालीवर होणं, हिमोग्लोबिन उतरणं, यानेही माणूस मलूल पडतो. आज वार कोणता, हे गप्पांच्या ओघात विचारा. बोलता बोलता धागा सुटतो का, सकाळी बरे आणि संध्याकाळी हरवल्यासारखे दिसतात का, हे बघा आणि तसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. आयसीयूतून आलेल्यांना वाईट स्वप्नं, भीती, विसराळूपणा, उदासी येऊ शकते. त्याला डॉक्टरी नाव आहे, उपचारही आहेत, त्यामुळे विचारायला संकोच नको. पुन्हा थंडी-ताप, पोटदुखी वाढत जाणं, हिरवी उलटी, ड्रेनच्या, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीतल्या पाण्याचा रंग बदलणं, एकाच पोटरीला सूज, अचानक धाप : यातलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला सांगा. आणि काही बोट ठेवण्यासारखं नसेल तर ‘आज हे नेहमीसारखे दिसत नाहीत’ एवढंच म्हणा. चांगली सिस्टर या वाक्याला उठते. न उठणारी भेटली तर तिच्या वरच्या सिस्टरकडे जा.

राहिलं ‘तू घरी जा.’ मग जा की! रात्री दीर, मुलगा, कोणीतरी थांबू दे, तुम्ही घरी जाऊन झोपा. फक्त ‘चारला येईन’ म्हणालात तर चारलाच या. भेटायला येणाऱ्यांना फोनवरच थोपवा, विशेषतः आपल्या आतेभावाच्या साडूचं ऑपरेशन कसं बिघडलं ते कॉटशेजारी बसून रंगवून सांगणाऱ्यांना. आणि आल्यावर यंत्राचा, चालण्याचा, खाण्याचा विषय काढूच नका. काहीतरी घरचं बोला, भांडण असलं तरी चालेल.

प्रश्न : माझ्या आजीच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. रात्री मी थांबतो. दुसऱ्या रात्री तिने मला ओळखलं नाही, ‘चोर आला’ म्हणून ओरडली, सलाईन उपसून काढलं. सकाळी एकदम बरी. आई रडते, म्हणते आजीच्या डोक्यावर परिणाम झाला. हात बांधून ठेवू का, असं वॉर्डातले लोक विचारतायत. काय सांगू? आणि तिला हे नंतर सांगायचं का?

उत्तर : बाळा, आईला आधी सांग की हे वेड नाही. याला डिलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत तो नेहमी दिसतो. अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि संध्याकाळनंतर चढतो. बहुतेकांचा उतरतो, काहींना वेळ लागतो. पण तो ‘म्हातारपणाचं असंच असतं’ म्हणून सोडायचा नाही, कारण मागे काहीतरी असतं. डॉक्टरांना एकेक विचार : लघवी तुंबलीय का, शौचाला झालंय का, दुखणं पुरेसं आटोक्यात आहे का, पाणी कमी पडतंय का, छातीत किंवा लघवीत संसर्ग आहे का, झोपेचं किंवा दुसरं काही नवं औषध सुरू केलंय का.

हात बांधायला सहसा ‘नको’ म्हण. बांधलेला माणूस आणखी बिथरतो. त्याऐवजी सलाईनच्या जागेवर बँडेज गुंडाळून ती नजरेआड करता येते, आणि गरज संपली असेल तर सुई काढूनच टाकता येते. चष्मा कुठे आहे तिचा? कानाचं यंत्र असेल तर ते? ऑपरेशनला जाताना काढून पिशवीत ठेवतात आणि तिथेच राहतात. बिनचष्म्याने, बिनयंत्राने, मंद उजेडात कोणीतरी कॉटजवळ उभं आहे, मग तिने चोर नाही म्हणायचं तर काय! १९९९ साली अमेरिकेत शेरॉन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, रात्रीची अखंड झोप, रोजचं चालणं-बसणं आणि ‘आज अमुक वार, तुम्ही दवाखान्यात आहात’ असं सांगत राहणं, एवढ्या साध्या गोष्टी नेमाने केल्या, तर डिलिरियम होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पंधरावरून दहाच्या आत आलं. त्या रुग्णांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, पण तुझ्या आजीलाही हेच लागणार आहे. दिवसा पडदे उघडे ठेव, दुपारभर झोपू देऊ नकोस.

ती ‘चोर’ म्हणाली की ‘आजी, असं काय करतेस’ म्हणून वाद घालू नकोस. समोर ये, दिवा लाव, तिच्या डोळ्यांच्या पातळीला बस आणि नाव सांग. ‘मी आहे, दार बंद आहे, कोणी येणार नाही.’ तिला चोराची भीती वाटतेय, तर भीतीला उत्तर दे. दहा मिनिटांनी पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांग. आणि लागोपाठ रात्री एकट्याने काढू नकोस. चिडलेला नातू बसण्यापेक्षा मावशी बसलेली बरी.

नंतर सांगायचं का? काहींना त्यातलं तुटक तुटक आठवतं आणि लाज वाटते. तिने विचारलं तर खरं सांग : आजारात असं होतं, तुला भास होत होते, आता उतरलेत. नाही विचारलं तर तू विषय काढू नकोस, आणि नातेवाइकांत तो हसण्याचा किस्सा होऊ देऊ नकोस. घरी सोडताना मात्र ‘हिला ऑपरेशननंतर डिलिरियम झाला होता’ हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घे. पुढे कधी पुन्हा भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना ते आधी कळायला हवं.