ग्रुपवर पंधरा, माझ्या चिठ्ठीत दहा

"ताई, घरचे म्हणतात ग्रुप सोड. पण डॉक्टरांकडं दोन मिनिटं मिळतात, ग्रुपवर रात्री अकरालासुद्धा कुणीतरी उत्तर देतं. सोडू का ठेवू?"

खानापूर तालुक्यातल्या अडतीस वर्षांच्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, घरात सासू, दोन मुलं, थोडी भातशेती. आमवाताचं, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान होऊन चौथा आठवडा. सकाळी तासभर मूठ मिटत नाही. व्हॉट्सॲपवरच्या आमवाताच्या ग्रुपमध्ये कुणीतरी त्यांना घेतलं, आणि तेव्हापासून "रात्री झोप लागंना."

ग्रुपबद्दल बोलण्याआधी त्यांना विचारलं, या आठवड्यात पोटात काय काय गेलं? ग्रुपमधून आलेल्या माणसाला हे आधी विचारावंच लागतं. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट १० मि.ग्रॅ., आठवड्यातून एकदा, रविवारी. सोमवारी फॉलिक ॲसिड ५ मि.ग्रॅ. पण ग्रुपवर एकीनं लिहिलं होतं, "मी पंधरा घेते, रोज न चुकता गोळी घेतली म्हणून उभी राहिले." ती रोजची गोळी निराळीच होती. आमवातात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी काही औषधं रोज असतात, ती आणि मेथोट्रेक्सेट एकाच वाक्यात मिसळली गेली. बाईंनी मंगळवारी आणि बुधवारीही मेथोट्रेक्सेट घेतली. शुक्रवारी त्या आल्या तेव्हा जिभेच्या कडेला फोड होते.

समोर बसूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्याच दिवशी बोलावलं, रक्त तपासलं, पुढची गोळी थांबवली. पांढऱ्या पेशी थोड्या उतरल्या होत्या, त्या सावरल्या. मेथोट्रेक्सेट ही आठवड्याची गोळी आहे. रोज घेतली तर तोंड येतं, अस्थिमज्जेवर ताण पडून रक्तपेशी घटतात, आणि जिवावर बेततं. ही चूक जगभर होत आली आहे, त्यात बाईंचा अडाणीपणा नव्हता. त्या शिकलेल्या आहेत, पण चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातलं बोलणं अर्धं कन्नडमध्ये, आणि समजेल अशा मराठीत बोलणारा एकटा ग्रुपच. तिथं विश्वास बसणं साहजिक आहे.

म्हणून "ग्रुप सोडा" असं सांगितलं नाही. गोळी, मात्रा, वार आणि गोळी बंद करणं या चार गोष्टी ग्रुपवर ठरवायच्या नाहीत, एवढंच पक्कं केलं. दुसरीची मात्रा तिचं वजन, तिची किडनी, तिचं यकृत आणि तिच्या बाकीच्या औषधांवर ठरते, ती आपल्याला लागू होत नाही. घरी गेल्यावर पाकिटावर काळ्या पेनानं "फक्त रविवार" असं मराठीत लिहायला सांगितलं, आणि मेडिकलवाल्याकडूनही तेच लिहून घ्यायला. हे औषध चालू असताना गावातल्या दवाखान्यात ताप-लघवीच्या तक्रारीसाठी गेलात तर ते आधी सांगायचं, कारण कोट्रायमॉक्साझोलसारखं अँटिबायोटिक याच्यासोबत धोक्याचं आहे. मूल हवं असेल तर त्याआधी डॉक्टरांशी बोलायचं. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला, धाप यातलं काही आलं तर ग्रुपवर न विचारता त्याच दिवशी दवाखाना.

भीतीचं दुसरं मूळ असं, की कुणीतरी लिहिलं होतं, "ही तर कॅन्सरची गोळी." खरं आहे, कॅन्सरमध्ये हे औषध वापरतात, पण तिथली मात्रा याच्या कितीतरी पट मोठी असते. आणि आमवातात त्याचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात "काहीच फरक नाही" वाटणं हे औषध फसल्याचं लक्षण नव्हे. ग्रुपवर रडगाणी जास्त दिसतात, कारण ज्यांचं बरं चाललंय त्या भात लावायला गेलेल्या असतात. लिहायला बसते ती रात्री दुखणं न सोसणारी. हे ऐकल्यावर बाई पहिल्यांदा खुर्चीत सैलावल्या.

नेमक्या याच आठवड्यांत विक्रेता गाठतो. ग्रुपवर नाही, खाजगीत मेसेज येतो, "काळी पुडी, तीन दिवसांत सूज उतरते." अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे. म्हणूनच तर सूज तीन दिवसांत उतरते. मग साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. बाईंनी घेतली नव्हती, सासूबाईंनी मात्र गुडघ्यासाठी दोन महिने घेतली होती. त्यांना सांगितलं, मनानं एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. कारण बरेच आठवडे स्टेरॉइड गेलं असेल तर शरीरात स्वतःहून तयार होणारं स्टेरॉइड मंदावलेलं असतं, आणि अचानक थांबवल्यास चक्कर, उलट्या, रक्तदाब पडणं असं होतं. औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतो.

ग्रुप खरा उपयोगी पडतो तो रोजच्या कामात. भाकरी थापताना तळहाताच्या टाचेनं दाब द्यायचा, लाटण्याला आणि चमच्याच्या दांड्याला जुनं कापड गुंडाळून जाड करायचं, बादली बोटांवर न लटकवता बुट्टी कवेत घेतात तशी न्यायची, उठल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून मगच चूल. हे दोन मिनिटांच्या ओपीडीत कुणी सांगणार नाही. योजनांचे सल्ले मात्र तिथून जपून घ्यायचे. ग्रुपमधल्या निम्म्या बाया महाराष्ट्रातल्या, आणि इथलं बीपीएल कार्ड आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेखाली येतं. त्यात काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

खाजगीपणाचा मुद्दा बाईंच्या ध्यानात आलाच नव्हता. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो, आणि आपल्या भागात चार गावं ओलांडली की सोयरिक निघते. पुतणीचं लग्न ठरत असताना रिपोर्टचा फोटो कुठं फिरेल, कुणी सांगावं? रिपोर्ट टाकायचाच तर नाव, नंबर, बारकोड झाकून. आणि सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स, तिथं "माझे संपर्क" निवडलं की अनोळखी माणूस परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही.

वहीत तीन रकाने पाडले: ग्रुपवर काय वाचलं, कुणी आणि कधी लिहिलं, डॉक्टरांना विचारायचं का. पुढच्या भेटीला त्यातले तीनच प्रश्न, सोबत सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला याचा रोजचा आकडा. डॉक्टरांना हा आकडा दोन मिनिटांतही खूप काही सांगतो. ग्रुप संध्याकाळच्या चहानंतर अर्धा तास, एरवी म्यूट.

उठता उठता ग्रुपवर टाकायचा प्रश्न त्यांनी स्वतःच लिहिला: "आमवात, चौथा आठवडा. गोळीचं डॉक्टर बघताहेत, ते सांगू नका. भात लावणीच्या दिवसांत ओल्या हातांचं काय करता, तेवढं सांगा." दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अकरा उत्तरं आली होती, त्यातल्या दोघी खानापूरकडच्याच.