९४ दिवसांनंतरची चिमूट

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग झोप लागली नाही. तंबाखू खाल्लीस म्हणून नव्हे. "काका, सोडून ९४ दिवस झाले होते, सगळं पाण्यात गेलं," हे ज्या आवाजात म्हणालास, तो आवाज कानातून जाईना. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी त्या उरलेल्या पुडीचं बघू. गाडीच्या डिकीत आहे असं बोलता बोलता म्हणालास आणि पुढे सरकलास. हे पत्र बाजूला ठेव, खाली जा, पुडी पाण्यात भिजव आणि मग टाक. कोरडी टाकू नकोस. कोरडी टाकलेली पुडी रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन उकिरड्यात शोधणारा माणूस तुला हे पत्र लिहितोय. भिजवण्याआधी तिच्यावर छापलेला नंबर मात्र उतरवून घे, १८००-११-२३५६. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारने चालवलेला आहे, पैसे पडत नाहीत. मी दोनदा फोन केला होता.

टाकलीस? आता पुढचं वाच.

टपरीवर बार भरल्यावर दोन मिनिटांत डोकं गरगरलं, घाम फुटला, उलटीसारखं झालं, असं तू सांगितलंस. आपल्याकडे याला तंबाखू लागली म्हणतात. लागते कुणाला? ज्याला सवय नाही त्याला. रोज आठ-दहा वेळा खायचास तेव्हा कधी लागली होती का? म्हणजे त्या ९४ दिवसांत शरीराने आपलं काम चोख केलंय. निकोटीन केव्हाच धुऊन निघालं होतं. पाण्यात गेलं म्हणतोस ते नक्की काय गेलं, मला सांग.

मग तलफ आली कुठून? ती हाताची आठवण होती. तळहातावर अंगठा फिरवायचा, चुना लावायचा, थाप मारून भुकटी उडवायची, चिमूट ओठाखाली सरकवायची. वर्षानुवर्षं काम सुटलं की तू हे सगळं हमखास करायचास, आणि कालही काम सुटूनच टपरीवर गेला होतास. माझी आई मिश्री लावायची. चुलीवरच्या तव्यात तंबाखू भाजली की घरभर उग्र, जळका वास भरायचा. तिला जाऊन खूप वर्षं झाली, पण कुठे पाचोळा पेटवला आणि तसा वास आला की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ही आठवण जात नाही. ती आली म्हणजे आपण नालायक ठरलो, असा तिचा अर्थ नसतो.

आता माझं सांगतो. हे तुला आजवर सांगितलेलं नाही.

२२ वर्षं खाऊन मी सोडली आणि पाच महिने तोंडाला लावली नव्हती. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारी दार उघडलं तेव्हा वाडी ओळखू येईना. पोफळी एकमेकींवर आडव्या पडलेल्या, दोन माड विहिरीवर, कलमं मुळासकट उपटलेली. तिसऱ्या दिवशी शेजारी आणि मी कोयते घेऊन वाट मोकळी करत होतो. थकून बांधावर टेकलो. त्याने तंबाखू मळली आणि रीतीप्रमाणे अर्धी माझ्यापुढे केली. मळलेली एकट्याने खात नाहीत ना. मी घेतली.

त्या चिमटीने माझं फारसं बिघडलं नाही. बिघडवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या विचाराने. मोडलंच आहे, आता एक काय आणि दहा काय! आणि बायकोला सांगायची लाज वाटली. पुडी पंपाच्या खोलीत कौलाखाली ठेवायचो, रोज पंप तपासायला जायचो. वीज कित्येक दिवस नव्हती आणि मी पंप तपासत होतो. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती बोलली नाही, मी बोललो नाही. असे आठ महिने गेले.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी समजावलं की पाय घसरणं वेगळं आणि परत व्यसनात जाऊन पडणं वेगळं. अ‍ॅलन मार्लट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हाच फरक मांडला होता. एकदा घसरलेला माणूस "माझ्यात दमच नाही" असं मनाशी ठरवतो आणि त्या अपराधीपणापायीच पुढची पुडी घेतो. ऐकताना मला पंपाची खोली दिसत होती.

तू रात्रीच्या रात्री फोन केलास. मला त्याला आठ महिने लागले. म्हणून आज घरी आईला सांग. रागावेल, एक वेळ जेवण वाढताना बोलणार नाही. चालेल.

इथे खाली बंदरावर होड्या वर ओढून झापांनी झाकल्यात. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. शेजारचा तांडेल, होडीचा म्होरक्या, अंगणात जाळं पसरून बसलाय. सुई हातात घेण्याआधी तो भोकाच्या कडेने बोटं फिरवत मागे मागे जातो. खडकाला घासलं, की जुनं सूत कुजलं होतं, की ओढताना ताण एका बाजूला आला, हे कळल्याशिवाय टाका घालत नाही. तसा तू त्या दिवसाच्या मागे जा. मी तुला विचारत विचारत गेलो होतो, ते एकदा सलग वाच.

सात वाजता तू टपरीवर होतास. सहाला साहेबाने सगळ्यांसमोर झापलं, कारण आमरसाच्या पत्र्याच्या डब्यांच्या शिवणीतून रस झिरपत होता. चारला सीमर, डब्यांची झाकणं बसवायचं मशीन, बिघडलं आणि तिकडे पिकलेल्या हापूसचे क्रेट थप्पीला लागले होते, रात्र काढली असती तर सडले असते. दीडला जेवायची सुट्टी झाली तेव्हा तू बॉयलरपाशी होतास आणि डबा तसाच राहिला. आदल्या रात्री चार तास झोप. मी त्याच कामात हयात घालवली, मे अखेरचा कारखाना मला माहीत आहे. तू खाल्लीस सातला, पण उसवायला लागलं होतं दीडला. साहेबाचं तोंड तुझ्या हातात नाही. जेवणाचा डबा आहे. मशीन बंद पडो नाहीतर छप्पर उडो, दीडला दहा मिनिटं बसून जेवायचं. भुकेला माणूस तलफेशी भांडू शकत नाही.

आणि तंबाखूने ताण उतरतो हे मनातून काढ. निकोटीनने नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. रोज खाणाऱ्याला बरं वाटतं ते मागची चिमूट उतरल्याची तगमग थांबते म्हणून. तुला तर त्या दिवशी तेवढंही मिळालं नाही, चक्कर मिळाली.

सुटल्यावरचा अर्धा तास धोक्याचा आहे. महिनाभर त्या टपरीच्या स्टॉपवरून जाऊच नकोस, लांबचा रस्ता धर. भाट्याचा पूल ओलांडलास की सुरूच्या बनाशी गाडी लाव आणि दहा मिनिटं वाळूत चाल. तलफेचा जोर बहुतेक वेळा तेवढ्यात ओसरतो. घड्याळ लावून बघ, मी बघितलंय. हाताला काहीतरी हवं असतं, म्हणून खिशात बडीशेप ठेव. सुपारी नको, तिने तोंड आखडतं. आरशासमोर तीन बोटं उभी तोंडात जातात का बघ. जात नसली किंवा गालात आतून पांढरा चट्टा दिसला, तर दातांच्या डॉक्टरकडे लगेच जा.

रोजची ओढ परत सुरू झालीच तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगम घे. ते सारखं चघळायचं नसतं. चुरचुरायला लागलं की गालात धरून ठेवायचं. आणि त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी, चहा-कॉफी काही नको. आंबटाने निकोटीन तोंडातून नीट शोषलं जात नाही. आपण तंबाखूला चुना लावतो ते उलट कारणासाठी, चुन्याने ते झपाट्याने भिनतं. मला हे माहीत नव्हतं. मी सोलकढी पीत च्युइंगम खायचो आणि उपयोग नाही म्हणून बोंबलायचो.

तू दिवस मोजतोस ती वही फाडू नकोस. कालच्या तारखेसमोर "एक चिमूट, टपरी, उपाशी होतो" एवढं लिही आणि खाली आजची तारीख घाल. आकडा ९५ घालायचा की एक, ते तुझं तू ठरव. मी ९५ घातला असता.

पाऊस लागला की कारखाना थंडावेल, तेव्हा दोन दिवस इकडे ये. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, त्यांना मातीची भर घालायची आहे. शनिवारी साडेसहाला, तू गेटबाहेर पडायच्या वेळेला, मी फोन करीन. जेवलास का एवढंच विचारणार आहे.

तुझा,
काका