वर आपण, खाली भाडेकरू

चि. स अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. जर्सी सिटीत दोन बिऱ्हाडांचं घर घ्यायचं, वर स्वतः राहायचं, खालच्या भाड्याने कर्जाच्या हप्त्याला हातभार लावायचा. बेत चांगला आहे. आम्हीही असंच सुरू केलं होतं.

किमतीच्या साडेतीन टक्के आधी भरून घर मिळतं असं तुला कुणी सांगितलं, ते एफएचए, म्हणजे सरकारी हमीच्या कर्जाबद्दल. ती वाट २५ मे २०२५ पासून तुझ्यासारख्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना बंद झाली. तुला कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं कर्जच बघावं लागेल. तिथे दोन बिऱ्हाडांच्या घराला पूर्वी १५ टक्के भरावे लागत. नोव्हेंबर २०२३ पासून फॅनी मेने (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी मोठी संस्था) ते ५ वर आणले, मालक स्वतः तिथे राहणार असेल तर. ते ५ टक्के मात्र तुझ्याच बचतीतले हवेत. बाबांचे पैसे त्याच्या वर चालतील, आणि ते परत करायचे नाहीत असं गिफ्ट लेटर लागेल. मनात परत द्यायचे असतील तर त्यावर सही करू नकोस.

आता तुझे ५०,००० डॉलर. सहा लाख डॉलरच्या घराला ५ टक्के म्हणजे ३०,०००. क्लोझिंगचा, म्हणजे घर नावावर होतानाचा खर्च आणखी १५ ते २० हजार. उरलं काय? मी अगदी हेच केलं होतं. चाव्या हातात आल्या आणि तिसऱ्या आठवड्यात, ऐन जानेवारीत, घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. खाली लहान मूल असलेलं बिऱ्हाड. त्याच्या खर्चाचे पैसे मी क्रेडिट कार्डावर उचलले आणि दोन वर्षं फेडत राहिलो. रात्री बेसमेंटमध्ये त्या थंड बॉयलरसमोर उभा असलेला मी अजून मला दिसतो. म्हणून क्लोझिंगनंतर निदान सहा हप्त्यांइतके पैसे खात्यात राहतील, एवढ्याच किमतीचं घर बघ. सहा लाखांचं तुला आज झेपणार नाही. चार लाखांचं जर्सी सिटीत अवघड आहे, हे मलाही कळतं. मग गाव बदल, नाहीतर एक वर्ष थांब.

भाड्याचा हिशेबही कडक धर. खाली २,४०० मिळणार असतील तर बँक त्यातले ७५ टक्के, म्हणजे १,८०० धरते. तूही तेवढेच धर. पीएमआय (आधी कमी पैसे भरले की लागणारा कर्जाचा विमा) आणि प्रॉपर्टी टॅक्स विसरू नकोस. न्यू जर्सीतला हा टॅक्स देशात सगळ्यात जड आहे.

एजंट ज्या बेसमेंटच्या खोलीचं तिसरं भाडं सांगतोय, ती नगरपालिकेच्या दप्तरी आहे का, ते आधी विचार. तिथे दोनच बिऱ्हाडं नोंदलेली असतील तर ते भाडं तुझं नाहीच. जुनं घर आहे, अंगणात घर तापवायच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली नाही ना, तेही तपासून घे. वकिलाला करार बघायला सहीनंतर कामाचे तीनच दिवस मिळतात, तेव्हा वकील आत्ताच ठरव.

शनिवारी बँकेची स्टेटमेंटं घेऊन ये. बसून आकडे मांडू.

तुझा,
काका